विजेरीच्या पोटातील गोष्ट

परक्या वस्तूंना नावे देताना मराठी माणसाने पुष्कळदा मोठी गंमत केली आहे. हातात धरावयाच्या विजेच्या दिव्याला इंग्रज 'टॉर्च' म्हणतो, अमेरिकन 'फ्लॅशलाइट' म्हणतो. आपल्याकडे त्यासाठी 'विजेरी' हा सुरेख शब्द घडविला गेला. पण दिवे गेले की घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "अगं, बॅटरी कुठे ठेवली आहे?" आणि त्या बॅटरीच्या पोटात जे असते, ज्याला शास्त्रज्ञ खरोखर बॅटरी म्हणतील, त्याला आपण 'सेल' म्हणून मोकळे होतो. मूळ शब्दाचा अर्थ तर आणखी निराळा आहे. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठविणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या आणि त्या रांगेला तोफखान्यातले हे नाव दिले. शब्दाच्या जन्मातच दारूगोळ्याचा वास आहे, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विजेरी येण्यापूर्वी रात्री घराबाहेर पडावयाचे म्हणजे विस्तव बरोबर घेऊन पडावयाचे, असाच अर्थ होता. दरबारात आणि सरदारांच्या वाड्यांत मशालजी हा स्वतंत्र नोकर असे. तेलाची बुधली सांभाळीत, पलित्यावर धार धरीत तो पालखीपुढे चालावयाचा. गोंधळ्याच्या हातात दिवटी असे, गरिबाच्या हातात नुसती चूड. पुढे घासलेट आले आणि कंदील आला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील ही महाराष्ट्राच्या स्वदेशी उद्योगातील एक अभिमानाची गोष्ट आहे, आणि जुन्या घरांच्या माळ्यावर तो अजूनही क्वचित सापडतो. पण कंदील झाला तरी त्याला काडी लावावी लागते, वारा लागला की तो फडफडतो, कलंडला की चटई पेटते. गवताच्या गंजीजवळ, गोठ्यात, दारूच्या कोठारात तो नेता येत नाही. विजेरीची सारी थोरवी होती ती यात, की तिच्यात उजेड होता आणि आग नव्हती. बोटाने कळ दाबावी, उजेड पडावा. कळ सोडावी, अंधार व्हावा. लहान मुलाच्या हातीही ती निर्धास्तपणे द्यावी.

हा निर्धास्तपणा आला कोठून? इटलीतील व्होल्टाने १८०० साली चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून एकावर एक रचल्या आणि जगाला अखंड वाहणारी वीज प्रथम मिळाली. पण ती ओली वीज होती. फ्रान्समधील लेक्लांशेने १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड, कोळशाची कांडी आणि नवसागराचे पाणी यांचा घट केला. तोही काचेच्या बरणीतलाच. तारायंत्राच्या कचेरीत टेबलाखाली तो ठीक होता, खिशात घालून नेण्यासारखा नव्हता. जर्मनीतील कार्ल गास्नर याने १८८६ च्या सुमारास नवसागराच्या पाण्यात प्लास्टर कालवून त्याचा लगदा केला, आणि जस्ताच्या डबीलाच भांडे आणि पत्रा अशी दोन्ही कामे दिली. सांडण्यासारखे काही उरले नाही. यालाच 'कोरडा घट' म्हणू लागले, जरी आतून तो दमटच असतो.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल याने कागदाच्या नळीत असे घट एकामागे एक बसवून पुढे लहानसा दिवा व आरसा लावला. त्याचे पेटंट १८९९ च्या जानेवारीत मंजूर झाले आणि ते काँराड ह्यूबर्टच्या कंपनीच्या हाती आले. हीच कंपनी पुढे एव्हररेडी नावाने गाजली. त्या दिव्यातील तंतू कोळशाचा असे, घटही दुबळे असत. क्षणभर उजेड पाडून पुन्हा विसावा द्यावा लागे. 'फ्लॅशलाइट', म्हणजे लकाकणारा दिवा, हे नाव त्यावरूनच पडले. १९१० च्या सुमारास टंगस्टनचा तंतू आला तेव्हा विजेरी खऱ्या अर्थाने चालू लागली.

आता या कथेत एक जपानी माणूस येतो, आणि बडोदेकरांना त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. कोनोसुके मात्सुशिता हा ओसाकातील तरुण कारखानदार. त्या काळी जपानात सायकलीला मेणबत्तीचे नाहीतर तेलाचे दिवे लावीत. घटावर चालणारे दिवे होते, पण ते दोन-तीन तासांत मान टाकीत. मात्सुशिताने १९२३ मध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा एक दिवा तयार केला. तो तीस-चाळीस तास जळे. घाऊक व्यापाऱ्यांचा विश्वास बसेना. अशा दिव्याने त्यांचे हात पूर्वी पोळले होते. तेव्हा या गृहस्थाने सरळ किरकोळ दुकानांत आपले दिवे नेऊन ठेवले, त्यांतील एक पेटवून ठेवला आणि सांगितले, की हा किती वेळ जळतो ते तुम्हीच पाहा, आणि पटले तरच पैसे द्या.

चार वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याने हातात धरावयाचा चौकोनी दिवा काढला, त्याला 'नॅशनल' हे नाव दिले आणि दहा हजार दिवे फुकट वाटावयाचे ठरविले. दिवे तर त्याचे होते, पण आतले घट ओकादा नावाच्या दुसऱ्या कारखानदाराचे. मात्सुशिता त्याच्याकडे गेला आणि दहा हजार घट फुकट मागितले! ओकादा अवाक् झाला असेल यात नवल नाही. अट अशी ठरली, की वर्षअखेर दोन लाख घट खपले तर हे दहा हजार बक्षीस समजावे. खप त्याच्या दुपटीहूनही अधिक झाला. व्यापारी युक्ती म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. दिवा किती तास जळेल हे वेष्टनावर छापून त्याने लोकांना पटविले नाही. जळता दिवा त्यांच्यापुढे ठेवला. घटाच्या बाजारात छापील आकडा आणि प्रत्यक्ष उजेड यांत किती अंतर पडू शकते, हे पुढे येणारच आहे.

बडोद्याचा संबंध असा. १९७२ साली बडोद्यात लखनपाल नॅशनल या नावाची कंपनी स्थापन झाली आणि जपानच्या त्याच मात्सुशिता कंपनीच्या सहकार्याने मकरपुऱ्यात कोरड्या घटांचा कारखाना उभा राहिला. ट्रान्झिस्टर आणि विजेरी यांत घालावयाचे 'नोव्हिनो' सेल ज्यांनी वापरले त्यांना हे नाव आठवेल. पुढे कंपनीची नावे बदलत गेली आणि अखेर ती पॅनासोनिकच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बडोद्याला हा उद्योग एकाएकी आला असे मात्र नव्हे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन काढले, आणि रसायनविद्या ही पुस्तकातून उचलून कारखान्यात न्यावयाची गोष्ट आहे असा पायंडा पाडला. १९०७ मध्ये निघालेल्या अलेंबिक कारखान्याच्या संस्थापकांत गज्जरांबरोबर कोटिभास्कर हे मराठी नाव आहे. ज्या गावाला जस्त, आम्ल आणि भट्टी यांची भाषा दोन पिढ्या परिचित होती, तेथे घटांचा कारखाना येऊन बसला.

आणि घटातील काळा मसाला? त्याचे मूळ आणखी पूर्वेस आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतला मँगनीज डायऑक्साइड कोरड्या घटांच्या धंद्यात वापरला जातो. नागपूरच्या मॉइल कंपनीने तेथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेला मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही काढला. विजेरी परदेशातून आली खरी, पण तिच्या पोटात विदर्भाची माती आहे असे म्हटले तर ते नुसते अलंकारिक होणार नाही.

या जस्ताच्या घटाने आपल्याला काही सवयी लावल्या. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालावयाचे, ही त्यांतील पहिली. कुरडयांच्या शेजारी गच्चीवर चार सेल ओळीने उन्हे खात पडले आहेत, हे चित्र पाहिले नाही असा चाळिशीतला माणूस विरळा. ती वेडगळ समजूत मुळीच नव्हती. ऊब लागली की आतील रासायनिक क्रिया थोडी वेग घेते आणि संपत आलेला घट आणखी घटकाभर उजेड देतो. दुसरी सवय, चारांतले दोन सेल बदलावयाचे आणि दोन जुनेच ठेवावयाचे. काटकसरीच्या घरात हेच शहाणपण. तिसरी, उरलेले सेल खिळे, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर खणात टाकावयाचे. आणि चौथी सवय मुलांची: सेल दगडाने फोडावयाचा, काळा मसाला झटकावयाचा आणि मधली कोळशाची कांडी काढून फरशीवर चित्रे काढावयाची. यांतल्या कोणत्याही उद्योगाने फार मोठे नुकसान झाले नाही. फार तर सेल गळे. त्याची डबीच जस्ताची, आणि वीज देता देता तेच जस्त झिजावयाचे. एक दिवस भोक पडून पांढरा चिकट द्रव विजेरीची स्प्रिंग खाऊन टाकी. बायकोची बोलणी बसत, पण घर जळत नसे.

मग आपण हा सज्जन घट सोडून दुसऱ्याच्या मागे का लागलो? याचे उत्तर दिव्यात आहे. काचेच्या जुन्या दिव्याला दोन सेलांचे तीन व्होल्ट पुरत. पांढरा प्रकाश देणारा एलईडी आला तो निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्याला वीज थोडी लागते, पण दाब सुमारे तीन व्होल्टच्या खाली गेला की तो मंदावतो. जस्ताच्या घटाचा दाब दीड व्होल्टपासून घसरतच जातो. म्हणून तीन सेल तरी हवेत, नाहीतर दाब वाढविणारे यंत्र हवे. लिथियमचा घट एकटाच साडेतीन व्होल्टच्या पुढे दाब देतो आणि तो बराच काळ टिकवितो. एक घट, एक दिवा. बोटभर लांबीच्या नळीतून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत झोत. मोह पडावा अशीच ही जोडी आहे. मधल्या काळात भिंतीतल्या भोकात सरळ खुपसून भरावयाच्या प्लास्टिकच्या विजेऱ्या येऊन गेल्या. त्यांच्या पोटात शिशाचा लहानसा घट असे. महिनाभर न भरता ठेवला की तो कायमचा झोपे. त्यांच्याविषयी अधिक बोलण्यात अर्थ नाही.

लिथियम हे धातूंत सर्वांत हलके. १८१७ मध्ये स्वीडनमधील आर्फवेडसन याने ते एका खनिजात ओळखले, आणि दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील दगडाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. वीज देण्याची त्याची आतुरता मोठी. परंतु ज्याच्या अंगी इतकी आतुरता तो शांत कसा राहावा? १९७० नंतरच्या दशकात, खनिज तेलाची टंचाई जगाला जाणवली तेव्हा, एक्सॉन या तेलाच्याच कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम याने लिथियमचा भरता येणारा घट केला. त्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली, की अग्निशामक दलाने विझविण्याच्या खास द्रव्याचा खर्च तुमच्याकडूनच वसूल करू, असा दम भरल्याचे सांगतात. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ याने कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग करून दाब चार व्होल्टपर्यंत नेला. जपानच्या अकिरा योशिनो याने १९८५ मध्ये दुसऱ्या बाजूचा शुद्ध लिथियम धातू काढून टाकला आणि त्या जागी कोळशासारखा पदार्थ घातला. त्यात लिथियम धातूच्या रूपात न राहता आयनांच्या रूपात ये-जा करतो. त्याने या घटावर जड लोखंडी वजन टाकून पाहिले. घट चेपला, पण पेटला नाही. धातूच्या लिथियमचा घट त्याच परीक्षेत भडकला होता. १९८९ मध्ये मोली एनर्जी या कॅनडातील कंपनीचे लिथियम धातूचे घट जपानमधील दूरध्वनींत पेटले आणि ते परत बोलवावे लागले, तेव्हा योशिनोची वाटच खरी हे सर्वांना कळून चुकले. १९९१ मध्ये सोनीने असा घट बाजारात आणला. तिघांनाही २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचा होता.

या गुडइनफच्याच हाताखाली, टेक्सासमध्ये, अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी या दोघा भारतीयांनी लोह आणि फॉस्फेट यांचा वापर करून लिथियमचा आणखी एक घट सिद्ध केला. त्याविषयीचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या घटाचा दाब थोडा कमी, सुमारे ३.२ व्होल्ट, त्यात वीजही कमी मावते. पण त्यातील प्राणवायू फॉस्फेटच्या गाठीत पक्का बांधलेला असल्यामुळे तापला तरी तो सहजासहजी भडकत नाही. आपल्याकडे त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतली.

आता या घटात पेटते काय, ते पाहू. जस्ताच्या घटात पाण्याचा लगदा असतो. लिथियमला पाणी चालत नाही, म्हणून येथे पेट घेणारा सेंद्रिय द्रव घालावा लागतो. दोन ध्रुवांच्या मध्ये कांद्याच्या पातीच्या सालीहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. घट चेपला, फार तापला, किंवा ४.२ व्होल्टच्या पुढे भरला, तर हा पडदा फाटतो. दोन्ही ध्रुव आतल्या आत भेटतात. उष्णतेने आणखी उष्णता उत्पन्न होते आणि काही क्षणांत नळकांडे ज्वाला ओकू लागते. ज्या दिव्याचे सारे महत्त्व त्यात आग नाही म्हणून होते, त्याच्या पोटात अशा रीतीने पुन्हा विस्तव येऊन बसला आहे. जुन्या मशालजीला आपण विस्तव हाताळीत आहोत हे ठाऊक असे. आपल्याला ते ठाऊक नसते.

गच्चीवरच्या सेलांची सवय म्हणूनच आता सोडली पाहिजे. बडोद्याचा उन्हाळा सहज चाळीस अंशांच्या वर जातो; बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी अधिक. पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियमचा घट भरू नये असा साधारण दंडक आहे. किल्ल्यांबरोबर खणात टाकलेला जस्ताचा सेल फार तर कोमट होई. लिथियमच्या घटाची दोन टोके किल्लीने जोडली गेली तर किल्ली लाल होते. जुना आणि नवा सेल एकत्र घालण्याची काटकसर येथे सर्वांत घातक. बळकट घट दुबळ्याला उलट दिशेने रेटतो, आणि पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेल्या विजेरीत वायूला बाहेर पडावयास वाट नसते. फोडून पाहण्याविषयी बोलावयासच नको.

बाजारात गेल्यावर काय पाहावयाचे? विजेरीत सामान्यतः जो घट येतो त्यावर १८६५० असा आकडा असतो. त्याचे कोडे सोपे आहे: अठरा मिलिमीटर रुंदी, पासष्ट मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य गोल नळकांड्याचे. त्यापूर्वी येणारी अक्षरे अधिक बोलकी असतात. आयसीआर म्हणजे कोबाल्टचा, आयएनआर म्हणजे निकेलचा, आयएफआर म्हणजे तो लोह-फॉस्फेटचा. कोबाल्टचा तापट, लोहाचा शांत. पण लोहाच्या घटाला भरण्याचे यंत्रही निराळे लागते, कारण तो ३.६५ व्होल्टवर भरतो. दुसऱ्याच्या यंत्रात घालून त्याची परीक्षा पाहू नये.

यापुढचा आकडा मिलिअँपिअर-तासांचा, आणि सारी लबाडी येथेच होते. नामांकित कारखान्यांचे या मापाचे घट साधारणतः दोन हजारांपासून साडेतीन हजारांपर्यंत वीज साठवितात. फुटपाथवरच्या पेटीत मात्र ९९०० असे ठळक अक्षरांत छापलेले घट मिळतात, आणि तेही अर्ध्याहून कमी किमतीत! आमच्या शाळेतील एका मुलाने असा घट आणला होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो प्रयोगशाळेच्या तराजूत घातला. चांगला घट सुमारे पंचेचाळीस ग्रॅम भरतो. हा तिसाच्या आतच थांबला. अशा काही नळकांड्यांच्या आत लहानसाच घट असतो आणि उरलेली जागा भुकटीने भरलेली असते, हे परदेशांतही अनेकांनी उघडून दाखविले आहे. मुलाला वाईट वाटले. त्याने सुट्टीतले पैसे साठवून तो घेतला होता. स्वस्त वस्तूचा हिशेब हा असा करावा लागतो. शंभर रुपयांत मिळालेली हजाराची वीज महाग पडते, आणि काही शे रुपयांचा खरा घट शेकडो वेळा भरता येतो, म्हणून तो जस्ताच्या सेलांहून अखेर स्वस्तच पडतो.

आपल्या देशात भरता येणाऱ्या लिथियम घटांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यांचे मानक आयएस १६०४६ असे असून मालावर आर् अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या भ्रमणध्वनीवरील सोयीतून तो खरा की खोटा हे घरबसल्या पाहता येते. ही तपासणी करण्यास दुकानदाराची परवानगी लागत नाही, पण थोडा निगरगट्टपणा लागतो. अति भरणे आणि अति उतरणे यांना आळा घालणारी लहानशी चकती घटाच्या बुडाशी असली तर उत्तम. असा घट एखाद-दोन मिलिमीटर लांब असतो, म्हणून विजेरीत मावतो की नाही ते आधी पाहावे. घट बाहेर न काढता विजेरीतच भरण्याची सोय असेल तर सामान्य घराला तेच बरे, असे माझे मत आहे. सुटे घट आणि अनोळखी यंत्रे यांची जुळणी करीत बसणे हा हौशी माणसाचा छंद आहे, गृहस्थाचा नव्हे.

दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरे यांच्या घटांचे प्रकरण थोडे निराळे आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात पक्षी पाहावयास जाणारी मंडळी अंतर मापण्याचे यंत्र बाळगतात. आकाशदर्शनाची दुर्बीण असली तर तारा नेमका धरण्यासाठी तिच्यावर लाल ठिपक्याचा शोधक बसविलेला असतो. या यंत्रांत बहुधा न भरता येणारे लिथियम घट येतात. सीआर२०३२ ही चकती म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. त्यातील 'सी' हे अक्षर सांगते की आत लिथियमबरोबर मँगनीज डायऑक्साइड आहे. लेक्लांशेचा तोच काळा मसाला! सान्यो कंपनीने १९७५ च्या सुमारास त्याला नव्या जोडीदाराशी लावून दिले. सीआर१२३ए हा त्याच कुळातला जाडजूड भाऊ, तीन व्होल्टचा, न वापरता ठेवला तर दहा वर्षे टिकणारा. त्याच मापाचे भरता येणारे घटही मिळतात, आणि पैसे वाचविण्यासाठी लोक ते घेतात. पण भरल्यावर त्यांचा दाब ४.२ व्होल्ट असतो. दोन घटांचे यंत्र सहा व्होल्टांसाठी बांधलेले असेल तर त्याला साडेआठच्या आसपास दाब मिळतो आणि हजारोंची वस्तू शेकड्याच्या बचतीपायी जळते. उलट सीआर घट भरण्याच्या यंत्रात घालणे म्हणजे तर संकटाला आमंत्रणच. अशा यंत्रात त्याच्या पुस्तिकेत सांगितलेलाच घट घालावा. वर्षातून एकदाच लागणारा हा खर्च आहे.

ती चकतीही दिसते तितकी गरीब नाही. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर ओलाव्यातून वीज वाहू लागते, तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजते. घट फुटण्याची गरज नाही. म्हणून ज्या खेळण्याचे किंवा दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ते लहान मुलांच्या घरात आणूच नये, आणि मूल गिळले असा संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. शहरात वीज असते, प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीला दिवा असतो. बडोदेकर मात्र असे विचारणार नाही. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या पुष्कळ वर गेली, शहराचे कितीतरी भाग पाण्यात बुडाले आणि वीज बंद करावी लागली. भ्रमणध्वनी पहिल्याच रात्री मुके झाले. आणि आपली विश्वामित्री म्हणजे नुसते पाणी नव्हे. तिच्यात मगरी आहेत. पुराबरोबर त्या रस्त्यांवर, अंगणांत आल्या आणि वनखात्याच्या माणसांनी व स्वयंसेवकांनी त्या पकडून नेल्या. मगरीच्या डोळ्यांच्या मागे परावर्तन करणारा पडदा असतो. रात्री विजेरीचा झोत पडला की ते निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. प्राणितज्ज्ञ रात्रीची गणती याच खुणेवरून करतात. पायरीखालच्या काळ्या पाण्यात ते दोन तांबडे ठिपके आहेत की नाहीत, हे पाय टाकण्यापूर्वी पाहावयाचे असेल तर झोत लांब पडला पाहिजे, आणि तो ठरल्या क्षणी पडला पाहिजे.

तशा रात्रीसाठी मी दोन विजेऱ्या निराळ्या ठेवण्याच्या मताचा आहे. एक लिथियमची, लांब झोताची, थोरांच्या हातातली. ती अर्धीअधिक भरून सावलीत ठेवावी, दर दोन महिन्यांनी पाहावी. गादीवर, उशीखाली किंवा घर बंद करून बाहेर जाताना ती भरावयास लावू नये, फरशीवर लावावी. घट फुगला, त्याचे वेष्टन फाटले, गोड-उग्र वास येऊ लागला, तर त्याचा मोह धरू नये. दुसरी विजेरी साध्या दीड व्होल्टांच्या अल्कली सेलांची, मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातातली. तिचे सेल बाहेर काढून, वर तारीख लिहून, तिच्याच दोरीला पिशवीत बांधून ठेवावेत, म्हणजे ते गळले तरी विजेरी वाचते. विमानाने जाणाऱ्यांनी सुटे लिथियम घट टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या पिशवीत न्यावे. सामानात टाकलेले चालत नाहीत.

राहिला प्रश्न मेलेल्या घटांचा. भंगारवाला जस्ताचा सेल घेत नसे आणि लिथियमचाही घेत नाही. ओल्या कचऱ्याच्या गाडीत तो चेपला गेला की गाडी पेटते. २०२२ च्या नियमांनी विकलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि काही दुकानांतून त्यासाठी पेट्याही दिसतात. आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या दाराशी एक झाकणाची बरणी ठेवली आहे. मुले घरचे घट आणतात, शिक्षकांसमोर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतात आणि आत टाकतात. बरणी भरली की ती संकलन केंद्रावर पोचविण्याची पाळी दर खेपेला एका वर्गाची असते. गेल्या वेळी ती सातवीची होती.